ताशी ११२

शहाडच्या पुलावर मी आयुष्यातली बरीच मोठी कामं उरकली आहेत. लेकीचा सतराचा पाढा तिथेच पाठ झाला, विम्याचे हप्ते तिथूनच भरले, आणि मेहुण्याशी फोनवर जुंपलेलं एक भांडण चढावर सुरू होऊन उतारावर मिटलंसुद्धा. कल्याण-मुरबाड रस्त्यावरचा हा पूल रेल्वेच्या रुळांवरून जातो. खालून आसनगाव लोकल जाते, टिटवाळा जाते, कसारा जाते; आम्ही वर क्लचवर पाय ठेवून त्यांची वर्दळ बघतो. अशा माणसाच्या मोबाइलवर दिवाळीनंतर एका सकाळी मेसेज आला : तुमच्या एमएच-०५ गाडीने कर्नाटकात वेगमर्यादा ओलांडली आहे. दंड १००० रुपये.

मी तो मोठ्याने वाचला.

‘तुम्ही?’ बायको म्हणाली. बास, एवढंच. पण त्या एका शब्दात आमच्या संसाराची पहिल्या गिअरमधली सगळी वर्षं आली.

डोंबिवलीच्या मेहुण्याला फोन लावला. तो ओरडलाच, ‘दाजी, लिंकला हात लावू नका! फ्रॉड असणार!’ चलनाच्या नावाखाली एपीके फाइल पाठवतात, ती उघडली की बँकेचं खातं साफ होतं, हे त्याने मला सविस्तर सांगितलं. मग उपाय सांगितला : मेसेज बाजूला ठेवायचा, परिवहनच्या सरकारी साइटवर आपलं आपण जायचं, पत्त्याच्या शेवटी डॉट गव्ह डॉट इन आहे ना ते बघायचं आणि गाडीचा नंबर टाकायचा. मेहुणा बरोबर बोलला, अशी नोंद करण्याची वेळ माझ्यावर क्वचितच येते, म्हणून इथे करतो.

नंबर टाकला. चलन खरं निघालं. सोबत फोटोही होता.

अख्खं घर स्क्रीनवर वाकलं. करडा, धुरकट फोटो. डॅशबोर्डवर आमचाच गणपती. स्टिअरिंगमागे मी, तोंड वासलेलं. शेजारच्या सीटवरून आलेला एक बांगड्यांचा हात, हातात भडंगाचा चिमूटभर घास, आणि तो घास माझ्या तोंडापासून चार बोटांवर. खाली तारीख, वेळ आणि वेग : ताशी ११२ किलोमीटर.

‘हात माझाच आहे,’ बायकोने कबुली दिली. ‘पण वेग तुमचा.’

आता सगळं आठवलं. बंगळुरू-म्हैसूर महामार्ग. मार्च २०२३ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. पुढे अपघात वाढले, तेव्हा मर्यादा ताशी १०० ठरली, कॅमेरे बसले, आणि त्याच वर्षी १ ऑगस्टपासून मुख्य मार्गिकेवर दुचाकी, रिक्षा आणि ट्रॅक्टर यांना बंदी झाली. रिक्षा नाही! हे वाक्य कल्याणकर चालकाने सावकाश वाचावं. आमचं अर्धं ड्रायव्हिंग म्हणजे डावीकडून घुसणाऱ्या रिक्षेचं पुढचं चाक ओळखणं. ते चाकच नसलं की पायाला काय करावं ते कळत नाही. माझा पाय गोंधळला आणि होता तिथेच दबून राहिला.

त्यात मद्दूरवडा. रवा, मैदा, तांदळाचं पीठ आणि भरपूर कांदा घालून थापलेला, पुरीसारखा चपटा, कडक वडा. मुख्य रस्ता मद्दूर गावात उतरत नाही, वडा हवा तर आधीच सर्व्हिस रोड धरावा लागतो. ‘संपले तर?’ असं आई मागच्या सीटवरून रामनगरपासून विचारत होती. रामनगर म्हणजे ‘शोले’चं रामगढ. त्या टेकड्या कुणी बघितल्यासुद्धा नाहीत.

पूर्वी परराज्यात शिट्टी वाजायची, गाडी बाजूला घ्यावी लागायची, मग तीन भाषांत मिळून ‘साहेब, जाऊ द्या ना’ म्हणता यायचं. कॅमेऱ्याला काय म्हणणार? तो नंबरप्लेट वाचतो, वाहन नोंदणीच्या देशभरच्या यादीतून मालक शोधतो आणि मेसेज थेट शहाडला येतो. हे यंत्र ज्याने रूढ केलं तो मॉरिस गॅट्सोनिडेस नावाचा डच माणूस स्वतः रॅलीत गाड्या पळवायचा. १९५३ ची माँटे कार्लो रॅली त्याने जिंकली होती. वळणावर आपण आणखी वेगात कसे जाऊ, हे मोजायला त्याने उपकरण केलं, आणि त्यातून जगभरच्या चालकांची पाकिटं हलकी झाली.

या बिरादरीचा मूळपुरुष मात्र इंग्लंडचा वॉल्टर अरनॉल्ड. १८९६ साली केंट परगण्यात त्याने ताशी २ मैलांच्या हद्दीत ताशी ८ मैलांनी मोटार हाकली. एका पोलिसाने सायकलवरून पाठलाग करून त्याला पकडलं. वेगाबद्दल दंड एक शिलिंग. मी हिशेब केला : २ मैल म्हणजे साधारण ३ किलोमीटर, आमच्या पुलाचा संध्याकाळी सातचा वेग. ८ मैल म्हणजे १३ किलोमीटर. या वेगाने पूल ओलांडणाऱ्याला आम्ही हार घालू.

‘भरू नका, लढा,’ वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले. पण दंड मान्य नसेल तर प्रकरण तिकडच्या, गुन्हा जिथे घडला त्या हद्दीतल्या कोर्टात जाणार. म्हणजे हजारावर किलोमीटर पुन्हा जायचं, त्याच रस्त्याने, त्याच कॅमेऱ्याखालून. आणि वाटेत मद्दूर. न भरता गप्प बसावं, तर थकीत चलनापायी उद्या गाडी विकताना कागद अडायचे. शिवाय चूक माझीच होती. १ ऑगस्ट २०२४ पासून कर्नाटकात १३० च्या वर गेलं की गुन्हाच नोंदवतात. म्हणजे भडंगाचे आणखी दोन घास आणि मी आरोपी. ‘बिर्ला मंदिरातल्या विठ्ठलाची कृपा,’ आई म्हणाली, आणि पैसे भरून टाकायला सांगितलं.

भरले. पावती आली. लेकीने फोटोची प्रिंट काढून फ्रिजवर लावली. पाहुणे आले की बायको चहाबरोबर ती दाखवते आणि मी संकोचल्यासारखं करतो. शहाडचा माणूस कधीकाळी ११२ ने गेला होता, याचा सरकारी पुरावा दुसऱ्या कुणाकडे आहे?

परवा संध्याकाळी पुलावर होतो. काटा शून्यावर. खालून कसारा लोकल गेली. मोबाइल वाजला : पुन्हा कर्नाटक, परतीच्या प्रवासातलं चलन. घरी येऊन फोटो उघडला. तोच गणपती, तोच बांगड्यांचा हात, यावेळी हातात वडा. वेग ताशी १०९.

‘तीनने कमी,’ बायको म्हणाली. ‘वय झालं तुमचं.’