काचेला घसारा नसतो

कपिलधारला राहून खिडक्या पुसायचा धंदा काढणारा माणूस एक तर फार दूरदृष्टीचा असावा, नाही तर त्याने कपिलधार पाहिलेलंच नसावं. बीडहून सोलापूरच्या दिशेने निघालं की मांजरसुंब्याजवळ बालाघाटाच्या डोंगरात हे ठिकाण लागतं. इथे मन्मथस्वामींची समाधी आहे. पावसाळ्यात कड्यावरून कोसळणारा धबधबा आहे. कार्तिकी पौर्णिमेला महाराष्ट्रातून, कर्नाटकातून, तेलंगणातून पायी दिंड्या येतात. पण काचा? आजूबाजूच्या घरांच्या खिडक्यांना गज असतात, फळ्या असतात, फार तर आहेरात आलेल्या साडीचा पडदा असतो. धबधब्याच्या काळात जे धुऊन निघायचं ते आपोआप निघतं आणि बाकीचे आठ महिने कोणी कशालाच पाणी लावत नाही, कारण ते नसतं.

मामांच्या भाच्याला हे सगळं लहानपणापासून माहीत होतं. मध्यंतरी तो पुण्याला गेला आणि हिंजवडीत काचेच्या इमारतींवर दोराला लटकून काचा पुसायला लागला. आतल्या पोरांना संगणक दिसायचा, बाहेर लटकलेल्या भाच्याला ती पोरं दिसायची. "आयटीत आहे" हे लग्नाच्या बोलणीत सांगायला मोकळीक होती, पण मुलीकडचे नेमके "आत का बाहेर?" असं विचारायचे. दोन वर्षांनी तो परत आला आणि त्याने मामांपुढे योजना मांडली.

"मामा, बीडात आता समदं काचंचंच व्हायलंय. दवाखाना काचंचा, शोरूम काचंचं, मंगल कार्यालय काचंचं. पुसतंय कोण?"

मामा निरुत्तर झाले. खरंच, गेल्या दहा-पंधरा वर्षांत बीडमध्ये नव्या बांधलेल्या प्रत्येक दवाखान्याला निळी काच लागलेली आहे. ती बसवताना सगळ्यांना दिसली. तिच्यावर हायवेची धूळ बसणार आहे हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. शिवाय गच्च्यांवर सोलर पॅनल आलेत, शेतांत सोलर पंप आलेत. पॅनलवर धुळीचा थर बसला की वीज कमी होते, हे सांगायला अभियंता लागत नाही. म्हणजे धंदा होता. शिडी हवी, बादल्या हव्यात, पाचशे लिटरची टाकी हवी, पंप हवा आणि हे सगळं वाहून न्यायला गाडी हवी.

गाडी मिळाली: चार वर्षं पुरी केलेला एक छोटा हत्ती. टाटांनी २००५ साली एस नावाची चिमुकली मालगाडी काढली, तिला लोकांनी हे नाव दिलं आणि मूळचं नाव फक्त आरसी बुकात उरलं. तिचा विमा काढायचा राहिला होता. "स्वस्तातला बघू" असं भाचा म्हणाला आणि मामा त्याच्याबरोबर निघाले.

इथे एक खुलासा करायला हवा. मामा म्हणजे प्रस्तुत लेखकच. तो स्वतःला तृतीय पुरुषात लिहितो आहे, यामागे चार दिवस विम्याचे कागद वाचल्याचा परिणाम आहे. विम्यात फर्स्ट पार्टी म्हणजे पैसे भरणारा, सेकंड पार्टी म्हणजे पैसे घेणारी कंपनी आणि थर्ड पार्टी म्हणजे रस्त्याने निमूट चाललेला तो तिसरा. कायद्याला खरी काळजी या तिसऱ्याची. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं १४६ वं कलम सांगतं की थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही. आणली तर पहिल्या खेपेला दोन हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तुमच्या गाडीचं, तुमच्या शिडीचं, तुमच्या कंबरेचं काय होतं याच्याशी त्या कलमाला देणंघेणं नाही. तेव्हा तृतीय पुरुषात राहिलेलं बरं.

आरटीओच्या परिसरात टेबल टाकून बसलेल्या एका गृहस्थाने आरसी बुक पाहिलं, पिवळी प्लेट पाहिली आणि आकडा सांगितला. त्यातली नुसती थर्ड पार्टीची रक्कम सोळा हजार एकोणपन्नास. मामांना वाटलं, हा घासाघीस करायच्या आधीचा भाव असणार. त्यांनी मंडईच्या सवयीने "बारा करा" म्हटलं. गृहस्थ हसला. त्याचं हसणं बरोबर होतं, कारण हा आकडा त्याचा नव्हताच. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे दर १ जानेवारी २००७ पासून कंपन्यांना मोकळे झाले, पण थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं आणि जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात साडेसात हजार किलोपर्यंतच्या भाड्याच्या मालगाडीला १६,०४९ रुपये लिहिलेत. वर जीएसटी. बीडात घ्या, बांद्र्यात घ्या, पैसा कमी होणार नाही.

साडेसात हजार किलोपर्यंत! म्हणजे सात टनांचा ट्रक आणि भरूनही दोन टनांच्या आत राहणारा छोटा हत्ती एकाच पंगतीला. ताट तेवढंच, जेवणारा मात्र एक भीम आणि दुसरा सुदामा.

भाच्याला आता इको आठवली. मारुतीची इको, ११९७ सीसी. घरच्या वापराला पांढऱ्या प्लेटवर घेतली तर थर्ड पार्टी ३,४१६ रुपये. त्याच गाडीची मागची बाकं काढून तिचं मालगाडी म्हणून पासिंग केलं की पुन्हा तेच सोळा हजार. बाकं काढल्यावर गाडी हलकी होते, हप्ता मात्र पावणेपाच पट जड. "मंग बाकं ठिवू," भाचा म्हणाला, "आन बादल्या बाकांवर बसवू." विनोद म्हणून ठीक आहे. पण पांढऱ्या प्लेटच्या गाडीत रोज धंद्याचं सामान वाहिलं आणि अपघात झाला, तर पॉलिसीतली 'वापराची मर्यादा' नावाची ओळ कंपनीच्या सर्व्हेअरला सर्वांत आधी आठवते.

दुसऱ्या ठिकाणी 'फुल्ल इन्शुरन्स'ची चौकशी केली. तिथे दोन गोष्टींनी मामांना सुखावलं. एक म्हणजे जुन्या दरपत्रकात मालगाड्यांसाठी देशाचे तीन विभाग केलेले होते: मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई हे अ, बाकीच्या राज्यांच्या राजधान्या ब, आणि उरलेला सगळा भारत क. क विभागात गाडीच्या नुकसानीचा दर सर्वांत कमी आणि कंपन्या अजूनही त्याच विभागणीच्या अंगाने चालतात. मराठवाड्याच्या अनुशेषावर आजवर पुष्कळ समित्या बसल्या, पण मागे राहिल्याबद्दल बीडकराला रोख सवलत मिळते हे एकाही समितीने सांगितल्याचं मामांच्या ऐकिवात नाही.

दुसरी गोष्ट घसाऱ्याची. गाडीचा एखादा भाग बदलायची वेळ आली की कंपनी त्याच्या वयाप्रमाणे पैसे कापते. रबर, प्लास्टिक, टायर यांवर थेट पन्नास टक्के. फायबरवर तीस. लोखंडाचं गाडीच्या वयावर. आणि काच? काचेवर शून्य. विम्याच्या दृष्टीने काच म्हातारी होत नाही. भाच्याचे डोळे पाणावले. दोन वर्षं काचा पुसूनही काचेबद्दल इतकं चांगलं कोणी बोलल्याचं त्याने पहिल्यांदा ऐकलं.

मग वाईट बातम्या आल्या. गाडीला चार वर्षं उलटलेली, म्हणजे तिची विम्यातली किंमत नव्याच्या निम्मी. आधीच्या मालकाने क्लेम न करता साठवलेला नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही. तो त्या माणसाचा असतो. ज्याचं पुण्य त्याच्या खात्यावर. भाच्याने एक वर्ष सुखरूप काढलं की त्याचे वीस टक्के सुरू होणार, पुढे पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस आणि पाचव्या वर्षी पन्नास. विमा संपून नव्वद दिवसांत नवा घेतला नाही तर ते पुण्यही गेलं.

आणि सर्वांत मोठी गंमत पुढेच होती. धंद्याच्या गाडीच्या 'फुल्ल' विम्यात, गाडी पुरती निकामी झाली नसेल तर, दिवे, टायर, मडगार्ड, बॉनेटच्या बाजू, बंपर आणि रंग यांचं नुकसान धरतच नाहीत. मांजरसुंब्याच्या घाटात गाडी ठोकली तर याव्यतिरिक्त आणखी काय फुटतं, हा प्रश्न मामांनी विचारला तेव्हा उत्तर मिळालं, "आयएमटी २३ घ्या." नुकसानीच्या हप्त्यावर पंधरा टक्के जास्त भरले की हे भागही विम्यात येतात. बीडचं पासिंग एमएच २३ आणि बीडच्या बंपरचा रक्षक आयएमटी २३. भाच्याला हा शुभशकुन वाटला आणि त्याने तो घेतला. पंप विजेचा, तो कंपनीने बसवलेला नाही, म्हणून त्याच्या किमतीवर आणखी चार टक्के.

टाकीचं मात्र कोणी काही विचारलं नाही, आणि खरा धोका तीच होती. पाचशे लिटर म्हणजे पाचशे किलो, आणि टाकी अर्धी असली की ते पाणी वळणावर गाडीच्या आधी वळतं. इंग्लंडात हा धंदा करणारे लोक असंच पाणी घेऊन फिरतात, तेही क्षार काढलेलं, म्हणजे काच नुसती धुतली तरी डाग राहत नाहीत. त्या देशाने १६९६ ते १८५१ पर्यंत खिडक्यांवरच कर बसवला होता. लोकांनी कर चुकवायला खिडक्या विटांनी बुजवल्या. तशा वातावरणातून हा धंदा वर आला, मग बीडातून का येणार नाही? अडचण एकच. बोअरच्या पाण्याने काच पुसली की वाळल्यावर पांढरे ठिपके उमटतात. म्हणून भाच्याने फिल्टरचं पाणी आणायचं ठरवलं. मे महिन्यात, टँकरमागे हंडे पळत असताना, दवाखान्याची काच पिण्याच्या पाण्याने धुणारा माणूस पाहून गाव काय म्हणेल, याचा विमा मात्र कोणतीच कंपनी काढत नाही.

तिसऱ्या ठिकाणी बसलेल्या म्हाताऱ्या एजंटाने सगळं ऐकून घेतलं आणि चष्म्यावरून विचारलं, "भाडं मारता का?"

"नाही. आमचंच सामान. शिडी, बादल्या."

"मग पब्लिक कॅरियर कशाला लावता? प्रायव्हेट कॅरियर लावा ना."

चार दिवस, तीन टेबलं आणि अकरा चहा यांच्यानंतर हे वाक्य आलं. दरपत्रकात मालगाड्यांचे दोन वर्ग आहेत: दुसऱ्याचा माल भाड्याने नेणाऱ्या आणि स्वतःचाच माल नेणाऱ्या. दुसऱ्या वर्गात साडेसात हजार किलोपर्यंतचा थर्ड पार्टीचा दर ८,५१० रुपये. जवळजवळ निम्मा. कायद्याला खिडक्या पुसणारा माहीत नाही. त्याला माल माहीत आहे आणि तो कोणाचा हे माहीत आहे. आधीच्या दोघांनी हे का सांगितलं नाही? एकाला ठाऊक नसावं आणि दुसऱ्याने विचारलं नसावं. मामांनी तरी कुठे विचारलं होतं? ते नुसते "कमी करा" म्हणत राहिले.

"पण एक ध्यानात ठेवा," म्हातारा म्हणाला. "मग भाडं मारायचं नाही. एकसुद्धा."

बीड जिल्ह्यात दाराशी छोटा हत्ती उभा करून भाडं मारायचं नाही, हे व्रत एकादशीपेक्षा कडक आहे. पहिल्याच आठवड्यात चुलत्याचा कांदा आला, शेजाऱ्याच्या लग्नाची भांडी आली, ऑक्टोबरात सीताफळाची क्रेट आली. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, ते टेम्पोत घ्यायला नाही म्हणणं म्हणजे अपमानच. भाच्याने सगळ्यांना पॉलिसी दाखवली. चुलता म्हणाला, "विम्यानं माणूस कामातून गेला."

कार्तिकी पौर्णिमेला तर भजनी मंडळातल्या बायकाच टाळ घेऊन मागे चढायला आल्या. इथे मात्र मामा गंभीर झाले. मालगाडीत मालाचा मालक किंवा त्याचा माणूस बसला तर १९९४ च्या दुरुस्तीपासून त्याला संरक्षण आहे. पण हौसेने किंवा फुकट बसलेल्या प्रवाशांची भरपाई कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात सांगून टाकलंय. वऱ्हाडाचे आणि यात्रेचे टेम्पो उलटतात तेव्हा हीच ओळ आडवी येते. बायका चालत गेल्या. त्यांतल्या एकीने मामांशी बोलणं टाकलंय, ती त्यांची सख्खी बहीण.

धंदा सुरू झाला. एका दवाखान्याचं काम मिळालं. गाडी खाली नीट उभी, हँडब्रेक ओढलेला, टाकी भरलेली, पॉलिसी डॅशबोर्डवर. भाचा वर चढला, पंप सुरू झाला आणि खाली सांडलेल्या पाण्यावरून शिडी घसरली. भाचा ग्रिलला धरून राहिला. शिडी पहिल्या मजल्याच्या निळ्या काचेतून आत गेली.

मामांनी तिथेच पॉलिसी उघडली. गाडीच्या वापरातून दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर साडेसात लाखांपर्यंत भरपाई होती. पण गाडीने काहीच केलेलं नव्हतं. शिडीने केलं होतं आणि शिडी ही गाडी नव्हे. असल्या नुकसानीसाठी धंद्याच्या जबाबदारीचा वेगळा विमा असतो. तो मामांनी काढायला लावला नव्हता, कारण त्यांनी फक्त गाडीबद्दल विचारलं होतं.

डॉक्टरांनी नव्या काचेचे सात हजार दोनशे रुपये सांगितले. भाचा म्हणाला, "साहेब, काच सहा वर्षांची होती, निम्मे कापा की." डॉक्टरांनी मामांकडे पाहिलं. मामांनी मान खाली घातली आणि काचेला घसारा नसतो हे कबूल केलं.

प्रायव्हेट कॅरियर लावल्याने वाचलेले, जीएसटी सोडून, ७,५३९ रुपये होते. त्यातले ३३९ उरले. तेवढ्यात शिडी येत नाही, तेव्हा सध्या भाचा फक्त तळमजल्याच्या काचा पुसतो.