चिपाडाची बढती

कराड-वाळव्याकडच्या गुऱ्हाळात जळव्या पिढ्यान्‌पिढ्या चुलवाणात चिपाडंच कोंबत आला. त्याला कुणी ‘हरित ऊर्जा उत्पादक’ म्हटलं नाही. फार तर चहा पाजला.

चिपाडाला बढती मिळाली ती साखर कारखान्यात. तिथं त्याचं बगॅस झालं. टनभर उसात ते पाव टनाहून जास्त. बॉयलरमध्ये जाळायचं, वाफेवर टर्बाइन फिरवायचं, आपल्याला लागेल तेवढी वीज ठेवून उरलेली महावितरणला विकायची. मळीचं इथेनॉल, प्रेसमडचं खत नाहीतर गॅस. शेंद्र्यापासून साखराळ्यापर्यंत कुठल्याही कारखान्याच्या वार्षिक सभेत जा, ‘उसाचं काहीच वाया जात नाही’ हे वाक्य हमखास. टाळ्याही हमखास.

ऊस काट्यावर चढतो तो चिपाड-मळीसकट. भाव मात्र साखरेच्या उताऱ्यावर : 2025-26 साठी 10.25 टक्के उताऱ्याला टनाला 3,550 रुपये, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. बाकीच्या मालाचं काय? त्यासाठी राज्याचा 2013 चा कायदा आहे. साखर, बगॅस, मळी आणि प्रेसमड यांच्या उत्पन्नात शेतकऱ्याचा वाटा 70 टक्के; नुसती साखर धरली तर 75. इथेनॉल पुढच्या पायरीचं, म्हणून यादीबाहेर. दूध मोजून घ्या, खव्याचं नाव काढू नका! प्रेसमडचं खत तर शेतकरी परत विकतच आणतो. आपल्याच उसाची घाण आपल्याच रानात, मधे फक्त एक पावती.

वाया काही जात नाही, हे कृष्णेतल्या माशांना मात्र कुणी सांगितलं नसावं. मार्च 2023 मध्ये अंकलीजवळ मेलेल्या माशांचा खच पडला, तेव्हा सांडपाणी कुणाचं यावर बरंच बोलणं झालं. डिस्टिलरीचं सांडपाणी, म्हणजे स्पेंटवॉश, आटवून जाळायला पैसे लागतात. नदीला उतार फुकट आहे.

आणि ऊसतोडीची टोळी? तिच्या वाट्याला वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. फडाच्या कडेला पेंढ्या बांधून ठेवायच्या, म्हशीवाला येतो, घासाघीस करतो, पेंढ्या मोटरसायकलवर लादतो आणि जाण्याआधी पैसे देतो. साखर धंद्यात उसाच्या बिलासारखी चौदा दिवसांची मुदत न लागणारं एवढं एकच बिल.