केरफिलीचा कललेला बुरूज आणि तत्संबंधी शंकांचे निरसन

कार्डिफ, रविवार

तीर्थरूप आई व बाबा यांस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

वेल्समधील केरफिली या गावच्या मध्ययुगीन किल्ल्याचा आग्नेय बुरूज सुमारे 10 अंशांनी बाहेरच्या बाजूस कललेला असून पिसाच्या जगप्रसिद्ध मनोऱ्यापेक्षा त्याचा कल दुपटीहून अधिक भरतो. तथापि तो याच अवस्थेत कित्येक पिढ्या उभा आहे, चि. चिन्मयच्या शाळेची सहल तेथे गेली त्या दिवशीही तो पडला नाही आणि सहलीतील सर्व मुले आपापल्या डब्यांसह सुखरूप परतली, ही वस्तुस्थिती प्रारंभीच नोंदवणे इष्ट ठरते. नातवाने फोनवर "आजी, तिथला टॉवर पडतोय" एवढेच सांगून फोन ठेवल्यामुळे सोलापूरच्या घरात जी चिंता पसरली आणि जिच्यापोटी नलूआत्यांची मजल थेट सिद्धेश्वराला नारळ बोलण्यापर्यंत गेली, तिचे निरसन करणे हा या पत्राचा मुख्य हेतू होय. पत्र लिहायचेच तर ते ग्रंथासारखे नीट लिहावे, प्रथमपुरुषी एकवचनाचा भडिमार नको, ही बाबांची सूचना शिरोधार्य मानली आहे; निवृत्त मुख्याध्यापकांचे लाल पेन अद्याप सेवानिवृत्त झालेले नाही, याची जाणीव धाकट्या चिरंजीवांस आहे.

केरफिली हे कार्डिफच्या उत्तरेस सुमारे 11 किलोमीटरवर आहे. तेथील किल्ल्याचे बांधकाम 11 एप्रिल 1268 रोजी सुरू झाले आणि ते सुरू करणारा गिल्बर्ट द क्लेर हा सीमासरदार होता, म्हणजे इंग्लंड व वेल्स यांच्या सीमाप्रदेशात नावापुरता राजाचा अंकित, पण व्यवहारात जवळजवळ स्वतंत्र सत्ता गाजवणाऱ्या उमरावांपैकी एक. केसांच्या रंगावरून त्यास तांबडा गिल्बर्ट म्हणत. आदल्याच वर्षी, 1267 मध्ये, इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री याने मंटगमरीच्या तहान्वये लिवेलिन आप ग्रिफिथ यास वेल्सचा राजपुत्र म्हणून मान्यता दिली होती आणि हा लिवेलिन उत्तरेकडून खाली सरकत गिल्बर्टच्या मुलखाला भिडू लागला होता. सबब गिल्बर्टने हद्दीवर किल्ला घातला, लिवेलिनने 1270 मध्ये तो अर्धवट असतानाच जाळला आणि गिल्बर्टने 1271 मध्ये काम पुन्हा सुरू केले. पुढे राजाने मध्यस्थी करून वादग्रस्त जागा दोन बिशपांच्या ताब्यात दिली. निवाडा होईपर्यंत कोणीही एक दगड हलवू नये, अशी अट घातली. आणि फेब्रुवारी 1272 मध्ये गिल्बर्टच्या माणसांनी जागेचा ताबा घेऊन काम पूर्ववत चालू केले.

हा भाग दादाकाकांना मोठ्याने वाचून दाखवावा. शेजारच्या वकिलांशी कंपाउंडच्या भिंतीवरून त्यांचा जो वाद चालला आहे, त्याविषयी आईने फोनवर दिलेला वृत्तांत सविस्तर असला तरी त्यात काही महत्त्वाचे तपशील राहून गेले आहेत: मोजणी नेमकी झाली की नाही, लिंबाचे झाड कोणाच्या हद्दीत निघाले आणि काकू सध्या वकिलीणबाईंशी बोलतात की फक्त वाटी-दोन वाटी साखरेपुरता व्यवहार ठेवतात. लवाद नेमला म्हणजे वाद मिटतो, अशी दादाकाकांची समजूत असल्यास केरफिलीचा इतिहास तीस पुष्टी देत नाही. सोसायटीच्या सचिवांना मध्यस्थ नेमण्याचा त्यांचा विचार तर मुळीच मानू नये, कारण त्या गृहस्थांनी पाण्याच्या टाकीच्या प्रकरणात काय केले हे सर्वश्रुत आहे.

(कुकरची शिट्टी झाल्यामुळे विवेचन येथे काही काळ थांबले होते. वरण झाले आहे.)

किल्ला म्हटला की डोंगर हवा, वर पोचेपर्यंत घाम निघाला पाहिजे, एरवी तो केवळ वाडा, हा बाबांचा सिद्धान्त घरात सर्वांस पाठ आहे. परंतु केरफिलीचा किल्ला हा भुईकोट असून त्याचे सामर्थ्य उंचीत नसून पाण्यात आहे. सुमारे 30 एकरांवर पसरलेला हा किल्ला वेल्समधील सर्वांत मोठा असून संपूर्ण ब्रिटनमध्ये विंडसरखालोखाल त्याचाच क्रम लागतो. दरीतून वाहणारे ओढे अडवण्यासाठी किल्ल्याच्या पूर्वेस दगडी बांध घातले आणि त्यांच्यामागे साठलेल्या विस्तीर्ण तळ्यांनी मूळ किल्ल्यास बेट करून टाकले. बांध हेच तटबंदीचे कामही करतात, म्हणजे त्यांच्यावर बुरूज, दरवाजे आणि पाणचक्कीसुद्धा होती. इंग्लंडमधील केनिलवर्थच्या किल्ल्यास 1266 मध्ये पडलेल्या वेढ्यात पाण्यामुळे आक्रमकांची जी दमछाक झाली, तिच्यावरून गिल्बर्टने हा धडा घेतला, असे अभ्यासक मानतात. तटाच्या पायथ्याशी सुरुंग खणणे हा त्या काळी वेढा घालणाऱ्यांचा हुकमी उपाय असे. पाण्याखालून सुरुंग खणता येत नाही आणि दगड फेकणारी यंत्रेही तळ्याच्या रुंदीमुळे लांब राहतात.

नळदुर्गला बोरी नदीवरचा बांध व त्याच्या पोटातील पाणीमहाल पाहताना बाबांनी इयत्ता सातवीच्या सहलीला जे व्याख्यान दिले होते, त्याच्या आधारे पाहता धरण व तटबंदी यांचा असा संगम सोलापूरकरांना नवा नाही. नळदुर्गचा बांध 1613 चा, म्हणजे केरफिलीपेक्षा जवळपास साडेतीनशे वर्षांनी लहान, ही बाब बाबांना आवडणार नाही; पण ती लपवणे शास्त्रशुद्ध होणार नाही.

पाण्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे समकेंद्री रचना, अर्थात एकाच्या आत दुसरा असे तटांचे दोन पूर्ण वेढे. आतला तट उंच आणि बाहेरचा ठेंगणा ठेवलेला असतो, जेणेकरून नाट्यगृहातील मागच्या रांगेने पुढच्या रांगेच्या डोक्यावरून पाहावे त्याप्रमाणे आतल्या तटावरील तिरंदाज बाहेरच्या तटावरील आपल्याच शिपायांच्या डोक्यावरून शत्रूवर बाण सोडू शकतात, आणि बाहेरचा तट पडला तरी आत आलेला शत्रू दोन भिंतींमधील अरुंद पट्ट्यात अडकतो. सोलापूरच्या भुईकोटालाही दुहेरी तट, खंदक आणि एका अंगास सिद्धेश्वर तलाव आहे, हे लक्षात घेता केरफिली पाहून या कुटुंबास फारसे परके वाटले नाही, यात नवल नाही. ब्रिटनमध्ये मात्र इतक्या पूर्णत्वाने ही रचना प्रथम येथेच साकारली, आणि पहिल्या एडवर्ड राजाने उत्तर वेल्समध्ये जे नामांकित किल्ले बांधले, त्यांच्या अगोदर. असे असूनही 1986 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत एडवर्डचे कॉन्वी, कार्नार्वन, हार्लेक व ब्युमारिस गेले आणि केरफिली राहिले, कारण ती नोंद त्या राजाच्या किल्ल्यांपुरतीच होती. हा अन्याय असल्याचे चिन्मयचे ठाम मत आहे; त्याच्या मते त्या चारांपैकी एकाचाही बुरूज धड कललेला नाही.

आता एवढ्या जवळच्या किल्ल्यावर जाण्यास एवढा वेळ का लागतो, हा आईचा प्रश्न. 17 सप्टेंबर 2023 पासून वेल्समध्ये वस्तीतील रस्त्यांवर, म्हणजे ज्यांवर दिव्यांचे खांब एकमेकांपासून 200 यार्डांहून दूर नाहीत अशा रस्त्यांवर, वाहनांची कमाल वेगमर्यादा सर्वसाधारणपणे ताशी 30 मैलांवरून 20 मैल, म्हणजे सुमारे 32 किलोमीटर, करण्यात आली. अपघात कमी व्हावेत हा तिचा हेतू स्तुत्य आहे आणि तो अमान्य करण्याचे धाडस कोणीही सुज्ञ पालक करणार नाही. परंतु उजाड, सरळ, निर्मनुष्य उतारावर पायाने ब्रेक धरून बसलेल्या मनुष्याच्या मनात स्तुत्य विचार येतातच असे नाही. मर्यादेच्या विरोधातील अर्जावर साडेचार लाखांहून अधिक सह्या झाल्या, आणि साऱ्या वेल्सची लोकसंख्या सुमारे 31 लाख आहे हे पाहता हा आकडा किती मोठा, ते ध्यानात येईल. नंतर काही रस्त्यांवर 30 मैलांची मर्यादा परत आणण्यात आली, पण कोणत्या रस्त्यावर कोणती, हे लक्षात ठेवण्याची जबाबदारी चालकाची. बाबांची जुनी लुना या देशात चालवल्यास बाबांना दंड होईल, ही गोष्ट आजवर कोणाच्या स्वप्नातही आली नसेल. सूनबाईंना या नियमाचा कोणताही त्रास होत नाही, कारण त्या पूर्वीपासून याच वेगाने गाडी चालवत आल्या आहेत व आता त्यास कायद्याचे अधिष्ठान लाभले आहे, असे त्या दर रविवारी ऐकवतात.

पार्सल पोचले. शेंगाचटणीचा डबा शाबूत होता, कडक भाकरीचे मात्र वाटेत तुकडे झाले होते, पण ती तशीही मोडूनच खायची असल्यामुळे तक्रार नाही. चादरी दोन पाठवण्याची आवश्यकता नव्हती. अगोदरच्या चादरी घरात आहेत, पण आईला वेल्सच्या थंडीवर सोलापुरी चादरीखेरीज दुसरा उपाय ठाऊक नसल्याने हा विषय येथेच सोडला आहे. चटणी व भाकरी केरफिलीच्या तळ्याकाठी, त्या गावच्याच नावाच्या पांढऱ्या, ठिसूळ, किंचित खारट चीजबरोबर खाल्ली. हे चीज कोळशाच्या खाणीतील कामगार डब्यात नेत, असे सांगतात; चटणीबरोबर ते बरे लागते, नुसते खाल्ल्यास आठवण येते ती मीठ जास्त पडलेल्या पनीरची. तळ्यात बदके होती आणि पाण्यात तटाचे प्रतिबिंब पडले होते. त्याकडे पाहून चिन्मयने "सिद्धेश्वराचं देऊळ कुठल्या बाजूला आहे?" असे विचारले. तो गड्ड्याच्या जत्रेला शेवटचा आला तेव्हा बाबांच्या खांद्यावर बसून नंदीध्वज पाहत होता आणि तळे म्हटले की देऊळ असणारच, अशी त्याची समजूत आहे. त्यास दोघांपैकी कोणीच चटकन उत्तर देऊ शकले नाही. सूनबाईंनी चटणीचा डबा उगाचच दोनदा लावला, आणि बदकांना भाकरी घालू नये असे पित्याने विनाकारण रागावून सांगितले.

किल्ल्याच्या उत्तरायुष्याविषयी थोडक्यात. गिल्बर्टच्या नातीशी नव्हे, तर त्याच्या मुलीशी, एलिनॉरशी, लग्न करून ह्यू डिस्पेन्सर नावाचा दुसऱ्या एडवर्ड राजाचा लाडका सरदार या किल्ल्याचा धनी झाला (हे स्पष्टीकरण नलूआत्यांसाठी आहे, त्या नात्यांत गोंधळ खपवून घेत नाहीत) आणि त्याने 1320 च्या दशकात तेथील मोठे सभागृह थाटाने सजवले. 1326 मध्ये राणी इझाबेलाने खुद्द पतीविरुद्ध बंड केल्यावर राजा आणि ह्यू पळत येथे आले, काही दिवस राहिले आणि सुमारे 14,000 पौंडांची रोकड किल्ल्यातच टाकून पुढे पळाले. राजा पकडला गेला, ह्यूला देहान्त शासन झाले, तरी किल्ला मार्च 1327 पर्यंत पडला नाही. आत असलेल्या ह्यूच्या मुलास माफी मिळाल्यावरच तो खाली झाला. पाण्याचा हिशेब बरोबर ठरला, माणसांचा चुकला, असा निष्कर्ष येथे काढण्यास हरकत नसावी.

त्यानंतर किल्ल्याची उपेक्षा झाली. 1583 मध्ये तो टॉमस लुइस याने भाडेपट्ट्याने घेतला आणि आपले जवळचे घर वाढवण्यासाठी त्याचे दगड नेले. बुरूज नेमका कशाने कलला, याबाबत दोन मते आहेत: 17व्या शतकातील यादवी युद्धात तो मुद्दाम सुरुंग लावून निकामी केला, हे एक, आणि पायाखालची जमीन खचली, हे दुसरे. पुढे ब्यूटच्या घराण्याने, विशेषतः चौथ्या मार्क्वेसने 1928 ते 1939 या काळात, पडझड झालेले तट मोठ्या खर्चाने पुन्हा उभारले, 1950 मध्ये किल्ला सरकारकडे आला आणि कोरडी पडलेली तळी पुन्हा भरण्यात आली. बुरूज मात्र सरळ केला नाही. आता त्याच्या तळाशी त्या मार्क्वेसचाच एक लाकडी पुतळा दोन्ही हातांनी भिंत पेलून धरल्याच्या आविर्भावात उभा आहे. त्याचा फोटो आईस वेगळा पाठवला आहे, म्हणजे कोणीतरी धरून ठेवले आहे, एवढे समाधान होईल. नारळाचा नवस नलूआत्यांनी तरीही फेडावा. बुरूज पडला नाही, म्हणजे तो फळला, असा त्यांचा युक्तिवाद खोडता येण्याजोगा नाही.

बंडूच्या साखरपुड्याचे कळले. मुलगी पुण्याची आहे म्हणून बाबांनी इतके गंभीर होण्याचे कारण नाही. सूनबाईही पुण्याच्याच आहेत आणि त्या शेंगाचटणी खाऊ लागल्या आहेत. माईआजींचा गुडघा, दादाकाकांची भिंत आणि लग्नाचा हॉल या तिन्ही विषयांवर आईने पुढच्या फोनमध्ये एकापाठोपाठ बोलावे, एकदम बोलू नये. तारीख मात्र अद्याप ठरली नसेल तर ती शाळेला सुटी असताना, शक्यतो ऑगस्टात, धरावी. मुहूर्त नाही असे गुरुजी म्हणाल्यास दुसरे गुरुजी पाहावेत, कारण येथे शाळा बुडवून मूल परदेशी नेल्यास पालकांना दंड होऊ शकतो आणि विमानाची तिकिटे आताच काढली नाहीत तर ती परवडणार नाहीत. तारीख आजच कळवावी, रात्री कितीही उशीर झाला तरी चालेल.

कळावे, लोभ असावा.