श्री. गॅरेजकर आणि त्यांची धूळ

मिशिगनात जानेवारीच्या कडाक्यात दोन चांगल्या गाड्या बाहेर बर्फाखाली पुरलेल्या, आणि गॅरेजात मात्र रात्री अकरापर्यंत दिवा, असं घर दिसलं की ओळखावं, इथे गॅरेजकर राहतात.

आडनाव मी ठेवलेलं. खरं आडनाव कुलकर्णी असेल, पाटील असेल, शिरसाट असेल. मराठी मंडळाच्या प्रत्येक शाखेत एक तरी असतोच. वय पन्नाशीच्या पुढे. नोकरी डेट्रॉइटच्या आसपास, एखाद्या मोटार कंपनीत किंवा तिला सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत. मुलं कॉलेजात गेलेली, घराचं कर्ज फिटत आलेलं. या वयात कुणाला अध्यात्म होतं, कुणाला मॅरेथॉन होते. यांना सुतारकाम होतं.

सुरुवात साधी असते. वहिनींना एक कॉफी टेबल हवं असतं. ते दुकानात दोनशे डॉलरला मिळत असतं. गॅरेजकर त्याचा पाय हलवून बघतात, खाली वाकून आत डोकावतात आणि चारचौघांत म्हणतात, "भुसा दाबून केलेला आहे हा सगळा. मी अक्रोडाचं करून देतो." त्या शनिवारी टेबल सॉ येते. पुढच्या शनिवारी पहिली फळी कापली जाते आणि त्या एका फळीच्या धुळीने गॅरेजातला दुसरा फ्रीज, तांदळाची पोती, लोणच्याच्या बरण्या आणि गेल्या गणपतीचं मोडकं मखर यांच्यावर सारखाच थर बसतो. झाडून काढलेला भुसा गॅरेजकर उदार मनाने वहिनींच्या टोमॅटोच्या वाफ्यात टाकतात. काळ्या अक्रोडात जुग्लोन नावाचं एक द्रव्य असतं आणि टोमॅटोला ते अजिबात सोसत नाही, हे आठवड्याभराने टोमॅटोच सांगतात.

पहिली फळी कापली त्या रात्रीच ते धुळीबद्दल वाचायला बसतात. इथून पुढे लाकूड या विषयाला त्यांच्या आयुष्यात जागा राहत नाही.

इथे त्यांची चेष्टा करायची माझी हिंमत नाही, कारण ते जे वाचतात ते सगळं खरं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात लाकडाची धूळ पहिल्या गटात घातली आहे, म्हणजे माणसाला कर्करोग करते असा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींत. इंग्लंडात हाय विकम नावाचं खुर्च्या बनवणारं गाव आहे. १९६० च्या दशकात तिथल्या फर्निचर कामगारांत नाकाचा एक दुर्मीळ कर्करोग फार आढळू लागला, तेव्हापासून डॉक्टर याच्या मागे लागले. जो भुसा पायाखाली दिसतो तो बिचारा निरुपद्रवी. दहा मायक्रॉनहून बारीक असतो तो वाईट. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनचा धरा, म्हणजे अंदाज येईल. हा कण दिसत नाही, तासन्‌तास हवेत तरंगतो आणि थेट फुप्फुसात उतरतो.

गॅरेजकरांना शत्रू मिळतो. आणि तो न दिसणारा असल्यामुळे आयुष्यभर पुरणारा असतो.

पहिला उपाय म्हणून कापडी पिशवीचं धूळ ओढणारं यंत्र येतं. ते चालू केलं की पिशवी फुगते, गॅरेजकर समाधानाने तिच्यावर थाप मारतात आणि समोरच्या उन्हाच्या तिरपेत एक ढग उठतो. स्वस्तातली पिशवी तीस मायक्रॉनपर्यंतचं अडवते. म्हणजे केरसुणीने निघणारा भुसा ती जपून ठेवते आणि घातक तेवढा खोलीभर वाटून टाकते. हे कळल्यावर त्यांनी ते यंत्र आमच्या एका मित्राला भेट दिलं. तो मित्र पुढे गॅरेजकर झाला. रोग असाच पसरतो.

मग सायक्लोन. हे प्रकरण समजावून देण्यासाठी गॅरेजकर कुठेही थांबतात. मी स्वतः हे एका बारशाला ऐकलं आहे. उलट्या शंकूत हवा गरगर फिरवायची. जड कण बाहेर फेकले जातात, भिंतीला घासत खालच्या पिंपात उतरतात, आणि हलकी झालेली हवा मधल्या नळीतून वर निघून फिल्टरकडे जाते. "बघा," म्हणून त्यांनी चहाच्या कपात चमचा गरगर फिरवला. पत्ती कडेला जायला हवी होती. ती तळाशी बरोबर मध्यभागी गोळा झाली. दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. गॅरेजकरांचा चेहरा उजळला. कपातली पत्ती मध्यभागी का जमते, याचा उलगडा खुद्द आइन्स्टाइनने १९२६ साली केला होता, नद्या वळणं का घेतात यावरच्या लेखात. तळाशी पाण्याचा वेग घर्षणाने कमी होतो, त्यामुळे तिथला प्रवाह आत वळतो, वगैरे. बाळाचं नाव काय ठेवलं ते आम्हाला दुसऱ्या दिवशी फोन करून विचारावं लागलं.

अशा सायक्लोनचं अमेरिकेतलं पेटंट १८८५ सालचं. लाकडाच्या गिरण्यांच्या छपरांवर हे शंकू बसले. असाच एक शंकू बघून जेम्स डायसन यांना घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरची कल्पना सुचली आणि ती जमेपर्यंत त्यांनी पाच वर्षांत ५,१२७ नमुने केले, ही गोष्ट गॅरेजकर उत्साहाने सांगतात. वहिनी त्या आकड्याला मान खाली घालतात. त्यांच्याकडचा सध्याचा नमुना कितवा, हे दोघांपैकी एकालाच ठाऊक असतं.

पाइपांचा अध्याय सर्वांत मोठा, आणि खरं सांगायचं तर माझा आवडता. गॅरेजकर माणसांची प्रतवारी पाइपाच्या जाडीवर करतात. चार इंची पाइप वापरणाऱ्याशी ते सभ्यपणे वागतात, पण घरी बोलावत नाहीत. पाइपात धूळ तरंगत राहायची तर हवा मिनिटाला चार हजार फुटांच्या आसपास पळाली पाहिजे. त्या वेगाने चार इंची पाइपातून मिनिटाला साधारण ३५० घनफूट हवा जाते, सहा इंचीतून ७८५. "दोन इंचांत दुपटीहून जास्त!" हे वाक्य ते ज्या स्वरात म्हणतात, त्या स्वरात त्यांच्या पिढीतले लोक मुंबईतल्या फ्लॅटचे भाव सांगतात. नव्वद अंशाचा एल्बो त्यांच्यासमोर उच्चारू नये. पंचेचाळीसचे दोन घ्यावेत, मध्ये थोडा सरळ तुकडा ठेवावा, म्हणजे हवा दमत नाही. हवा दमू नये म्हणून ते स्वतः शिडीवर उलटे होऊन दमतात.

हा पाइप बहुधा गटारासाठी मिळणारा पातळ पीव्हीसीचा असतो. स्वस्त असतो, हलका असतो, आणि त्यावर कंपनीने तो कशासाठी आहे ते ठळक अक्षरांत छापलेलं असतं. पहिल्यांदा आलेला पाहुणा वर बघतो आणि हळूच विचारतो, "वरच्या मजल्यावरची संडासची लाइन इथून नेलीत का?" सहा महिन्यांसाठी आलेल्या त्यांच्या आईने तर त्या पाइपाखालचे तांदूळ शिजवायला साफ नकार दिला. गॅरेजकरांनी त्यांना पाइप नवा असल्याची पावती दाखवली. आई म्हणाल्या, "पावती शिजवून खा."

प्लॅस्टिकच्या पाइपात धूळ घासून स्थिर वीज तयार होते. केस उभे राहतात, हात लावला की चटका बसतो. त्यासाठी आतून उघडी तांब्याची तार ओढावी की नाही, यावर गॅरेजकरांत दोन पंथ आहेत. तारवाले म्हणतात, ठिणगी पडून स्फोट होईल. बिनतारवाले म्हणतात, घरगुती गॅरेजात असा स्फोट झालेला दाखवा. आणि पीव्हीसी हा वीज न वाहणारा पदार्थ, त्याला अर्थिंग देणार कसं? दोन्ही पंथांचे दोन प्रमुख आमच्या दिवाळी फराळाला येतात आणि चकलीच्या ताटाच्या दोन बाजूंना उभे राहतात.

सायक्लोनची मोटर तीन अश्वशक्तीच्या पुढची असली की तिला २४० व्होल्ट लागतात. अमेरिकन घरात सगळीकडे असते एकशेवीसची वीज. मोठा दाब मिळतो तो कपडे सुकवायच्या यंत्राला. पुढे काय होतं हे सुज्ञांनी ओळखलं असेल. गॅरेजकरांच्या घरी ओले कपडे दांडीवर वाळतात. वहिनी माहेरी परत आल्यासारखं वाटतं म्हणतात, पण ते कौतुक नसतं.

एवढं झाल्यावर शेवटचा प्रश्न उरतो: ओढलेली हवा सोडायची कुठे? बाहेर सोडली तर धूळ कायमची गेली, फिल्टरचा खर्च वाचला. पण मिनिटाला सातशे-आठशे घनफूट उबदार हवा मिशिगनच्या थंडीला दान केली की गॅरेजातल्या माणसाच्या मिशा गोठतात. शिवाय बंद खोलीतून एवढी हवा बाहेर गेली तर तिच्या जागी दुसरी कुठून तरी यायला हवी. शेजारीच गॅसचं पाणी तापवण्याचं यंत्र असेल तर ती त्याच्या धुराड्यातून उलटी येते आणि येताना कार्बन मोनॉक्साइड घेऊन येते. हे गॅरेजकर इतक्या तपशिलाने सांगतात की ऐकणारा जाताना स्वतःच्या घरासाठी अलार्म विकत घेतो. त्यांच्यामुळे आमच्या मंडळातले निम्मे लोक सुरक्षित आहेत, हेही लिहून ठेवायला हवं.

म्हणून हवा आतच, पण घडीदार फिल्टरमधून. फिल्टर आला की तो किती गाळतो हे मोजायला लेझरवर चालणारं कण मोजायचं यंत्र येतं. पुस्तकाएवढा डबा, त्यावर आकडा. गॅरेजात आकडा उत्तम आला. गॅरेजकर तो डबा विजयी मुद्रेने घरभर फिरवत स्वयंपाकघरात गेले, आणि नेमकी त्याच वेळी वहिनींनी आमटीला फोडणी दिली. आकडा असा काही चढला की गॅरेजात तीन दिवस सँडर चालवला असता तरी गाठला नसता. गॅरेजकर एक शब्द बोलले नाहीत. फक्त छताकडे बघत त्यांनी मनातल्या मनात अंतर मोजलं. "अरे, सहा इंची पाइप माझ्या ओट्यावर आला ना," वहिनी पळी न खाली ठेवता म्हणाल्या, "तर मी तुझ्या आईबरोबरच साताऱ्याला जाईन." तो पाइप सध्या भिंतीच्या अलीकडे थांबलेला आहे. त्याच्या तोंडावर झाकण आहे, पण ते स्क्रूने बसवलेलं नाही, हे मी पाहिलं आहे.

आईंना या सगळ्याचं वाटणारं आश्चर्य वेगळंच होतं. त्यांच्या लहानपणी लाकडाच्या वखारीतून भुसा विकत आणायचे. भुशाच्या शेगडीत मधोमध बाटली उभी धरून भोवती तो ठासून भरायचा, बाटली अलगद काढायची आणि त्या भोकातून पेटवायचं. एका भरण्यात सकाळचा स्वयंपाक व्हायचा. दारी येणारा सुतार अंगणात बसून पायाच्या बोटांत फळी धरायचा, रंधा मारायचा, आणि ढलप्या बंबासाठी घरातली पोरं गोळा करायची. "आम्ही भुशाला पैसे मोजले," आई म्हणाल्या, "आणि तू तो घालवायला मोजतोस. किती गेले?" गॅरेजकरांनी आकडा डॉलरमध्ये सांगितला. त्यांनी तो गुणून बघू नये म्हणून लगेच विषय बदलला.

आता कुणी विचारेल, कॉफी टेबल? अक्रोडाच्या फळ्या आहेत. भिंतीला टेकून व्यवस्थित सुकताहेत. मधल्या काळात गॅरेजकरांनी केलेल्या लाकडी वस्तू मी पाहिल्या: सायक्लोनचा आवाज कोंडायला एक कपाट, पाइपांना अडकवायचे आकडे, प्रत्येक यंत्राच्या तोंडाशी बसवायची सरकती गेटं आणि मोटरचा रिमोट ठेवायला एक नाजूक, सुबक, डव्हटेल सांध्यांची पेटी. ती पेटी खरोखर सुंदर आहे. तेवढ्यावरून कळतं की हा माणूस चांगला सुतार झाला असता. पण यंत्रणा पूर्ण झाल्यापासून त्यांना काही कापायला जिवावर येतं. सगळं इतकं स्वच्छ आहे की वहिनींनी पोती आणि बरण्या तिथून घरात हलवल्या. तिथे बूट घालून जायचं नसतं.

यंदा गणपतीच्या आधी मंडळातल्या बायकांना भुशाची रांगोळी काढायची होती. रंगवायला दोन बादल्या भुसा हवा होता, आणि तो कुठे मिळेल याबद्दल कुणालाच शंका नव्हती. गॅरेजकरांनी "घेऊन जा की" म्हटलं आणि सर्वांसमक्ष पिंपाचं झाकण उघडलं. तळाला मूठभर भुसा, एक वॉशर आणि वहिनींची हरवलेली टिकल्यांची डबी.

"अर्ध्या तासाचं काम आहे," म्हणून ते गाडी घेऊन गेले. घोड्यांच्या तबेल्यात अंथरायला पाइनच्या ढलप्या आणि भुसा मिळतो, त्या शेतीच्या दुकानातून दोन पोती आणली. पोती तशीच बायकांच्या हवाली करणं सोपं होतं. पण गॅरेजकरांनी ती गॅरेजाच्या मधोमध रिकामी केली, टेबल सॉच्या बाजूचं गेट उघडलं, कानाला संरक्षण लावलं आणि रिमोट दाबला. सगळा ढीग मिनिटाभरात नाहीसा झाला. आम्ही टाळ्या वाजवल्या. पोत्यांची पावतीही त्यातच गेली, आणि फिल्टरशी न पोचता बरोबर पिंपात पडली, याचं त्यांनी आम्हाला खास प्रात्यक्षिक म्हणून दुसरी पावती टाकून दाखवलं. ती कॉफी टेबलासाठी घेतलेल्या अक्रोडाची होती.