डेझीआजी आणि आमची मावशी

“मॅडम, बँकेतून बोलतोय. तुमचं खातं हॅक झालंय, आलेला ओटीपी सांगा.” बँक फोनवर ओटीपी मागत नाही, हे ब्रिटनमध्ये शेंबडं पोरही जाणतं, तरी आकडा सांगणारे निघतातच. म्हणून ओटू या मोबाइल कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये एआयची डेझीआजी आणली. भामट्याला विणकाम नि फ्लफी मांजरीच्या गप्पांत चाळीस-चाळीस मिनिटं अडकवते म्हणे. त्यात एआय कशाला? स्लाउच्या आमच्या मावशीने परवा एकाला ‘जेवलास का रे बाळा?’पासून धरलं, ते गुडघेदुखीपर्यंत आणून सोडलं. फोन बिचाऱ्यानेच ठेवला! पण अशी मावशी घरोघरी नसते. तेव्हा फोन आपण ठेवावा आणि १५९ फिरवावा. बहुतेक मोठ्या बँकांना तो थेट जोडून देतो.