कॅलिबरशास्त्री

भारतात वाघाच्या शिकारीवर 1970 साली बंदी आली. दोन वर्षांनी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि उरलेल्या जनावरांचाही प्रश्न मिटला. शिकारीला जाताना रायफल कुठली न्यायची, हा प्रश्न तेवढा मिटला नाही. तो मिटू नये म्हणून आमच्या कोल्हापूरकडे काही माणसं मनापासून झटत असतात.

अशा माणसाला मी कॅलिबरशास्त्री म्हणतो. तो एकटादुकटा नाही. जिथं संस्थान होतं, किंवा जंगल होतं, किंवा नुसतीच आजोबांची बंदूक होती, तिथं एक तरी सापडतो. वय साठीच्या पुढं. अंगात खांद्यावर पट्ट्या असलेला खाकी बुशशर्ट. बैठकीच्या भिंतीवर सांबराचं डोकं, त्याच्या एका डोळ्याच्या जागी शर्टाचं बटण, आणि शेजारी चौकटीत बसवलेलं मालकीचं सरकारी प्रमाणपत्र. हे कुणी मारलं असं विचारलं, तर "चुलत आजोबांनी" एवढंच उत्तर येतं. कशानं मारलं असं विचारलंत, तर मात्र जेवूनच जावं लागतं.

अशी जेवणं मी जेवलो आहे. तांबडा वाढेपर्यंत .275 रिग्बी, पांढऱ्याला .375 हॉलंड अँड हॉलंड, आणि भातावर येईतो .470 नायट्रो एक्सप्रेस. शास्त्रीबुवा गोळीचं वजन ग्रेनमध्ये सांगतात. आपल्याला त्यातलं ओ की ठो कळलेलं नाही हे चेहऱ्यावर दिसलं, की दया येऊन तोळ्यात सांगतात. .375 ची गोळी 300 ग्रेनची, म्हणजे पावणेदोन तोळ्यांना जरा कमी. .470 ची 500 ग्रेन, पावणेतीन तोळे. आणि हत्तीसाठीची .600? तिची 900 ग्रेन. चोख पाच तोळे!

"पाच तोळं?" आतून वहिनींचा आवाज येतो. "आमच्या पाटल्या चारच्या हाईत."

शास्त्रीबुवा ऐकलं न ऐकलंसं करून दुनळीकडं वळतात. या पंथात दोन कडवे संप्रदाय आहेत. दुनळीवाल्यांचं म्हणणं असं की, जनावर अंगावर आलं तर दुसरा बार तत्क्षणी निघाला पाहिजे. दोन नळ्या, दोन चाप, मधे कसली उठाठेव नाही. बोल्टवाले म्हणतात, दोन बार झाल्यावर काय करणार, काडतुसं भरेपर्यंत रेड्याला थांब म्हणणार? माउझरच्या पद्धतीची बोल्ट रायफल घ्यावी, चार-पाच गोळ्या हाताशी राहतात. या वादात बोल्टवाल्यांच्या बाजूनं बहुधा एखादे निवृत्त सुभेदार असतात. त्यांनी फौजेत हजारो गोळ्या झाडलेल्या असतात, पण सगळ्या पुठ्ठ्यावर. शास्त्रीबुवांनी पुठ्ठ्यावरही फारशा झाडलेल्या नसतात. त्यामुळं वाद बरोबरीत सुटतो.

आफ्रिकेतल्या कित्येक देशांत धोकादायक जनावरासाठी .375 ही किमान मर्यादा कायद्यानंच घातलेली आहे. हे वाक्य शास्त्रीबुवा अशा सुरात म्हणतात, जणू टांझानियाच्या वनखात्यानं त्यांचा सल्ला घेतला होता. रेड्याच्या शिकारीला तिकडं जायचं त्यांचं फार वर्षांपासून घाटतं आहे. पहिला बार सॉफ्ट नोज, म्हणजे आत शिरून फुलणारी गोळी, पुढचे सॉलिड, म्हणजे न फुलता खोल जाणारी, इथपर्यंत सगळं ठरलं आहे. पासपोर्टचा अर्ज तेवढा आणायचा राहिला आहे.

त्यांच्या हाती आलेलं सगळ्यात घातक हत्यार म्हणजे टेलरचं सूत्र. जॉन टेलर हा आफ्रिकेत मुरलेला हत्तींचा शिकारी. 1948 साली त्याचं रायफली आणि काडतुसांवरचं पुस्तक आलं. त्यात त्यानं दणक्याचं गणित मांडलं आहे : गोळीचं ग्रेनमधलं वजन, सेकंदाला किती फूट हा वेग आणि इंचांतला व्यास यांचा गुणाकार करायचा, आणि त्याला 7000 नं भागायचं. जितकं उत्तर मोठं, तितका जनावराला दणका मोठा. .375 ला चाळीसच्या आसपास मिळतात, .470 ला सत्तरच्या वर. शास्त्रीबुवा ही गणितं आलेल्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर करतात. गावातल्या निम्म्या लग्नांना ते मुहूर्त टळून गेल्यावर पोचतात त्याचं कारण हेच. पत्रिका वेळेवर सुलटी केलेली नसते.

एकदा त्यांच्या इंजिनिअरिंगला असलेल्या नातवानं तीच पत्रिका ओढून घेतली आणि खाली स्वतःचं गणित मांडलं. क्रिकेटचा चेंडू साधारण 160 ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ 2470 ग्रेन. ताशी 140 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 128 फूट. व्यास पावणेतीन इंचांच्या थोडा पुढं. गुणून, 7000 नं भागून उत्तर आलं सव्वाशेच्या वर.

"आजोबा, .470 ला सत्तर आणि चेंडूला सव्वाशे. मग हत्तीला बुमरा न्यायचा का?"

शास्त्रीबुवांनी चष्मा पुसला, आकडेमोड दोनदा तपासली. चूक नव्हती. शेवटी ते म्हणाले, "चेंडू सॉफ्ट नोज धरायचा की सॉलिड, ते आधी ठरव." माझ्या मते शास्त्री हा शास्त्री का असतो, ते या उत्तरात आहे. सूत्र खोटं ठरलं तरी चालेल, चर्चा संपता कामा नये.

म्हणूनच त्यांना बेल आवडत नाही. वॉल्टर बेलनं हजारावर हत्ती मारले, आणि त्यांतले पुष्कळसे सात मिलिमीटरच्या हलक्या रायफलीनं. गोळी एक तोळाही भरत नव्हती. त्यानं हत्तीची कवटी करवतीनं कापवून मेंदू नेमका कुठं बसतो ते पाहून ठेवलं होतं, आणि तिथंच गोळी घातली. म्हणजे रायफलीपेक्षा नेम महत्त्वाचा. हा निष्कर्ष शास्त्रीबुवांच्या बैठकीत चालत नाही, कारण त्यानंतर बोलायला काही उरत नाही.

नेमाचं वावडं इथवर आहे, की राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलीत ब्राँझ आणलं, तेव्हा जिल्हाभर गुलाल उडाला आणि शास्त्रीबुवा मात्र "पॉइंट बावीस ना? त्यानं ससा पडंल," म्हणून मोकळे झाले. त्या पॉइंट बावीसची गोळी पाव तोळ्याच्याही आत असते आणि जिथं ती लावायची ते दहाचं वर्तुळ साडेदहा मिलिमीटरचंसुद्धा नसतं. पण वजनात भरत नाही म्हटल्यावर प्रश्नच मिटला.

त्याच राधानगरीच्या बाजूचे गवे हल्ली उसातून वाट काढत शहराच्या वेशीपर्यंत येतात. एकदा असाच एक उसात शिरला. हजार किलोंच्या घरातलं धूड, बांधावर ही गर्दी, आणि वनखात्याची माणसं हात जोडून सांगताहेत की, बाबांनो, घरी जा, अंधार पडला की तो आला तसा जाईल. तेवढ्यात शास्त्रीबुवा आले. गर्दीनं वाट दिली.

"काका, गव्याला काय लागंल वो?"

"उभा कसाय? आडवा, का समोर?"

समोर असेल तर .470, आडवा असेल तर .375 नंही भागेल, इथवर ठरलं. मग सुभेदार आले. त्यांनी .303 नं लढाया जिंकल्याचं काढलं. शास्त्रीबुवांनी त्यांना .303 ही प्रतिबंधित बोअर असून सामान्य माणसाला तिचा परवानाच मिळत नाही, हे ऐकवलं. कॉर्बेटनं वाघाला काय वापरलं यावरून आवाज चढले. चंपावतच्या वाघिणीनंतर 1907 साली त्याला .275 रिग्बी बक्षीस मिळाली, हे दोघांनाही मान्य होतं. भांडण त्याच्या दुनळीवर होतं. तेवढ्यात गच्चीवरून एक पोरगं ओरडलं, "गेला की वो मागनं!"

माझं स्पष्ट मत असं आहे की, 1972 च्या कायद्यानं जंगलाइतकंच शास्त्रीबुवांनाही संरक्षण दिलं. कायदा नसता तर कुणीतरी त्यांना मचाणावर बसवलं असतं, हाका घातला असता, आणि एका रात्रीत सगळा व्यासंग उघडा पडला असता. आता "काय करणार, बंदी आहे," म्हणून सुस्कारा टाकला की काम भागतं. त्यांच्या बंदुका निवडणूक आली की आचारसंहितेपायी पोलीस ठाण्यात जमा होतात आणि खंडेनवमीला झेंडू वाहून घेतात. मधल्या काळात त्या कपाटात, वहिनींच्या पैठण्यांच्या मागं असतात.

रायफल निवडायची खरी वेळ शास्त्रीबुवांवर आयुष्यात एकदाच आली. 2019 साली शस्त्र कायदा बदलला आणि एका माणसाकडं तीन शस्त्रं चालत होती, त्यांची दोन झाली. वारसानं आलेलीही त्यात धरायची होती. यांच्याकडं तीन : आजोबांची बाराबोरी दुनळी, चुलत्यांची बाराबोरी एकनळी आणि पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली ईशापूरची .315 रायफल. शास्त्रीबुवांनी तक्ते केले, सुभेदारांना रोज बोलावलं, वर्षाची मुदत संपत आली तरी निकाल लागेना. शेवटी वहिनी कपाट उघडून म्हणाल्या, "अहो, ह्या दोन मोडून ठेवता येतात. ती एक मोडत नाही, आडवी बसत नाही, पैठण्या चुरगळतात. ती द्या."

ईशापूरची .315 गेली. उरल्या त्या दोन बाराबोरी. त्यांच्या नळीला आतून पेच नसतात, म्हणून त्यांना रायफल म्हणत नाहीत.