चार कोपरे, पाच एकांडे

सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत एकटा माणूस औषधालाही सापडत नाही. सकाळी टीम उभ्या-उभ्या काल काय केलं आणि आज कुठे अडलंय ते सांगते, जेवायला टीम जाते, चहाला टीम जाते आणि सर्व्हर बसला तर मध्यरात्री टीमच उठून बसते. अप्रेझलच्या फॉर्मात ‘टीम प्लेअर’ असा एक रकाना असतो. त्यात कुणी स्वतःबद्दल ‘नाही’ लिहिल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

हीच माणसं शनिवारी संध्याकाळी, भूमकर चौक जरा माणसात आला की, माझ्या माणच्या फ्लॅटवर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायला जमतात. आणि तिथे प्रत्येकाला काळा झगा घातलेला, अनाथ, कुणावरही विश्वास न ठेवणारा मारेकरी व्हायचं असतं.

हा खेळ १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी आणला. एकजण मास्तर होऊन जग सांगतो, बाकीचे त्या जगात एकेक पात्र होऊन वावरतात. आपण काय करतो ते तोंडाने सांगायचं. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. पात्राला गुण सहा : ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. एकेका गुणासाठी चार साधे फासे टाकायचे, सगळ्यात लहान आकडा सोडायचा आणि उरलेल्या तिघांची बेरीज मांडायची. (बुद्धी आणि शहाणपण या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे या मंडळींनी पहिल्याच आवृत्तीत ओळखलं. आमच्या आयटी पार्कात ही बातमी अजून पोचायची आहे.)

मास्तर मी. पात्रं घरून तयार करून आणा, असं मी ग्रुपवर कळवलं होतं. तशी ती आली.

सोलापूरच्या गड्याचा मारेकरी : लहानपणी गाव जळालं, आईबाप गेले. टेस्टिंगवालीची अर्धी-एल्फ धनुर्धारी : गाव जळालं, बोलायची इच्छा नाही. नागपूरवाल्याचा मांत्रिक : गाव जळालं, त्यानेच जाळलं. चौथ्याचा चोर गाव जळताना बाहेरगावी होता, पण गटाचा खजिना लांबवायचा त्याचा बेत कागदावर आधीच लिहिलेला होता. आणि एचआरवाली, जी आठवडाभर अखंड बोलते, तिने आजन्म मौनाचं व्रत घेतलेली भिक्षुणी आणली. एवढी गावं मुळशी तालुक्यात जळाली असती तर तलाठ्याला पंचनामे करता करता दिवाळी उजाडली असती. जखमा बऱ्या करणारा क्लेरिक मात्र कुणीच आणला नव्हता. जखमा झाल्या की बघू, असं एकमताने ठरलं. त्या संध्याकाळचं ते पहिलं आणि शेवटचं एकमत.

गोष्ट रीतीप्रमाणे खानावळीत सुरू केली. मारेकरी म्हणाला, मी कोपऱ्यात अंधारात बसतो. धनुर्धारी दुसऱ्या कोपऱ्यात. मांत्रिक आणि चोर यांनी उरलेले दोन धरले. भिक्षुणीने खुणेने विचारलं, पाचवा कोपरा आहे का? तिला जिन्याखाली बसवलं. मग तासभर पाचही जण एकमेकांकडे तिरप्या नजरेने बघत राहिले. मी दूत पाठवला, राजकन्या पळवली म्हणून सांगितलं. चौघं म्हणाले, मला काय त्याचं? भिक्षुणी काहीच म्हणाली नाही. मी खानावळीला आग लावली, तर पाच जण पाच दिशांनी पळाले.

चिडलो, तर सगळ्यांचं उत्तर एकच : “मी नाही रे, माझं कॅरॅक्टरच तसं आहे.” जणू ते कॅरॅक्टर बेंचवरून कुणी यांच्या माथी मारलं होतं! अरे बाबांनो, कागद तुमचा, पेन तुमचं. एकटा राहणारा माणूस लिहायचाच असेल तर खुशाल लिहा, पण तो या बाकीच्या चौघांबरोबर का निघतो, एवढी एक ओळ त्याखाली लिहा की. पेशव्यांच्या फौजेतले एकांडेसुद्धा स्वतःच्या घोड्यावर येत, पण मोहिमेला फौजेबरोबरच निघत.

ही अक्कल आपल्याकडे फार जुनी आहे. विराटाच्या नगरीत शिरण्याआधी पांडव काय करतात? एकत्र बसून कोण काय होणार ते ठरवतात. भीम आचारी बल्लव, अर्जुन नृत्यशिक्षिका बृहन्नडा, नकुल घोड्यांकडे, सहदेव गाईंकडे, द्रौपदी राणीची सैरंध्री. दोघं एकाच कामावर नाहीत आणि सगळ्यांना एकमेकांना सांभाळत एक वर्ष लपून काढायचंय. आणि द्यूतात राज्य घालवून बसलेला युधिष्ठिर म्हणतो, मी कंक होतो, राजाशी फासे खेळतो. मास्तर म्हणून सांगतो, असा खेळाडू मिळायला भाग्य लागतं.

साहेबालाही हे उमगलंय. जेसन मॉर्निंगस्टारच्या ‘फियास्को’त (२००९) डाव्या आणि उजव्या हाताला बसलेल्याशी आपलं नातं काय ते आधी ठरतं, नाव-गाव मागून. ‘फेट कोअर’मध्ये (२०१३) तुमच्या पात्राचं पहिलं साहस तुम्ही लिहिता आणि त्यात आपण कसे टपकलो ते दुसरा लिहितो. हे सगळं मी आमच्या मंडळींना सांगितलं. त्यांनी ट्रेनिंगमध्ये हलवतात तशा माना हलवल्या आणि मारेकऱ्याने सुरीला धार लावली.

तेवढ्यात बेल वाजली. दारात घरमालक काका. मूळचे हिंजवडीचे. खालच्या मजल्यावरून कुणीतरी कळवलं होतं की वर पोरं-पोरी फासे टाकतायत. काकांनी टेबलावर नजर टाकली आणि विचारलं, “पैसं कुठंय?”

“काका, पैशाचा खेळ नाही हा,” मी म्हणालो आणि सगळं समजावलं. एल्फ सोडून सगळं त्यांच्या लगेच ध्यानात आलं. पाचही कागद त्यांनी वाचले, चष्मा काढला.

“आमच्या म्हातोबाच्या बगाडाला ये कधीतरी, चैत्र पौर्णिमेला. वाकडपर्यंत गाडा जातो. गळकरी एकच असतो बाळा. तुझे हे पाचही गळाला लटकून बसलेत. गाडा ओढायचा कुणी?”

मग खुर्ची ओढून स्वतःच बसले. “दे एक कागद.”

फासे टाकले. ताकद सात, चपळाई आठ, छाप सतरा. ताकद घेऊन करायचंय काय, म्हणाले. त्यांचं पात्र : वय साठ, एक बैलगाडी, एक वही. आणि खाली एकच ओळ : या पाचही जणांकडे माझी उधारी आहे.

“ही सुरी कुणाकडनं घेतली रे?” त्यांनी मारेकऱ्याला विचारलं. तो चाचरला. धनुर्धारीचे बाण उधार, मांत्रिकाची पोथी गहाण, चोराची तर तीन महिन्यांची खोलीची बाकी. “फिटेपर्यंत कुणी माझ्या नजरेआड व्हायचं नाही. राजकन्या आणल्यावर बक्षीस मिळतंय ना? चला, बसा गाडीत.”

खानावळीत शांतता पसरली. जिन्याखालून भिक्षुणीने आजन्म व्रत मोडलं : “व्याज किती टक्के?”

सगळे निघाले. वाटेत भांडले, पण गाडीतच. जखमा झाल्या तेव्हा मलमपट्टी काकांनी केली आणि वहीत मांडली. चोराने खजिन्यावर डोळा ठेवला तो ठेवलाच, पण खजिनाच काकांच्या गाडीत होता आणि काका त्यावर बसून होते. ड्रॅगनच्या गुहेपाशी सगळ्यांनी शस्त्रं काढली, तर काका म्हणाले, थांबा, आधी बोलून बघतो. ही गुहा कुणाच्या नावावर आहे, असं त्यांनी ड्रॅगनला विचारलं. मी म्हटलं, काका, फासा टाका. टाकला. वीस पडले.

राजकन्या आमच्या ताब्यात आली. ड्रॅगन सध्या अकरा महिन्यांच्या करारावर राहतो आणि त्याचं डिपॉझिट काकांकडे आहे.